११ जूनला रडका चेहरा, १२ जूनला हाहाहा

कळण्याची भाकरी:
काल सकाळी शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटावर साने गुरुजींचा फोटो टाकला. ११ जून, गुरुजींची पुण्यतिथी, दुसरं काय टाकणार? दहा मिनिटांत एका बाकमित्राचं उत्तर आलं, "सकाळी सकाळी रडका चेहरा नको रे बाबा. उद्या पुलंची पुण्यतिथी आहे, त्यासाठी चांगले किस्से काढून ठेवा." त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. तिथं भांडलो तर गटातून हाकलतील, म्हणून इथं ओकतोय.

रडका? मी अमळनेरचा आहे. आमचे आजोबा प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात होते, गुरुजी तिथं मास्तर असताना. पोरं उठायच्या आत गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवायचे, हे आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले. हाच माणूस १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खेडोपाडी हिंडला. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले ते यानं उतरवून घेतलं, म्हणून आज आपल्या हातात आहे. आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे मठात उपोषणाला बसला, कशासाठी, तर विठ्ठलाच्या देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून. दहा दिवस. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं, मोठमोठे लोक म्हणत होते की ही वेळ नाही. रडका माणूस असं करतो?

आपल्याला तेवढा 'श्यामची आई'तला आईच्या पदराला धरून रडणारा श्याम आठवतो. हसवणाऱ्याची पुण्यतिथी आपण साजरी करतो, आणि ज्याच्यापुढे मान खाली जाते त्याची विसरतो. माझं म्हणणं एवढंच.

कोथरूडचा कोपरा:
गुरुजींबद्दल सगळं मान्य. पण त्यासाठी पुलंना का झोडपताय? पुलं म्हणजे फक्त किस्से, हे तुमच्या बाकमित्राचं अज्ञान, पुलंचं नव्हे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा पहिल्या पैशात पुलंचे पैसे होते. आणीबाणीनंतर १९७७ साली त्यांनी सभा गाजवल्या. आणि ऐका, राष्ट्र सेवादलाच्या कलापथकानं जे 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य केलं, ते पुलंचंच. तुमच्या गुरुजींचंच सेवादल ना ते? एकाच घरातली माणसं आहेत, तुम्ही वाटण्या करताय.

कळण्याची भाकरी:
मी पुलंना झोडपलं कुठे? वाचता येतं ना? पुलंच्या नावावर कुठलाही पाणचट विनोद खपवणाऱ्यांना झोडपलं. काल एक फॉरवर्ड आलाय, त्यात पुलं मोबाईलच्या रेंजवर बोलतायत. माणूस २००० साली गेला हो.

तिखटमीठ:
पुलंभक्तांना एक प्रश्न. १२ जून हा पुलं-सुनीताबाईंच्या लग्नाचाही दिवस, १९४६ चा. पुलं गेले ते लग्नाच्या वाढदिवशी. हे किती जणांना माहीत आहे? बरं, ८ नोव्हेंबरला पुलंची जयंती जोरात होते. सुनीताबाई २००९ साली ७ नोव्हेंबरला गेल्या, फक्त एक दिवस आधी. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढतं? ज्या बाईनं हिशेब ठेवले, देणग्या कुठे जायच्या ते पाहिलं, तिच्यासाठी कुणाकडे किस्सा नाही. सहा वर्षं मी ७ तारखेला लिहितेय. सहा वर्षांत चार लाइक, त्यातले दोन बहिणीचे.

कोथरूडचा कोपरा:
हा मुद्दा आहे. मान्य. आवडला नाही, पण मान्य.

पंचांगवाले आप्पा:
मूळ चूक कुणीच दाखवत नाहीये. तारखेला पुण्यतिथी म्हणायचं नाही. १२ जून ही तिथी नाही. स्मृतिदिन म्हणा. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला असते, ज्ञानोबांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीला. छत्रपतींची पुण्यतिथी चैत्र पौर्णिमेला, ३ एप्रिल वेगळी. शब्द तरी नीट वापरा.

वडाळा लोकल:
आप्पा, आमच्या बाबासाहेबांना ६ डिसेंबर पुरते. पंचांग लागत नाही.

पंचांगवाले आप्पा:
मी त्यांच्याबद्दल काही बोललेलो नाही. व्याकरणाबद्दल बोलतोय.

सांगलीची सून:
आप्पा, तुम्ही आहातच तर विचारते. सासूबाई २०१८ साली गेल्या तेव्हा अधिक ज्येष्ठ चालू होता. इतकी वर्षं आम्ही साध्या ज्येष्ठात त्यांची तिथी करतो. यंदा परत अधिक ज्येष्ठ आलाय आणि दोन दिवसांवर तिथी आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, अधिकात शुभ-अशुभ काहीच करत नाहीत, पुढच्या महिन्यात करू. आमचे हे म्हणतात, याच महिन्यात. घरात तीन दिवस अबोला आहे.

पंचांगवाले आप्पा:
ज्या अधिक महिन्यात माणूस गेलं तोच अधिक महिना परत आला, तर श्राद्ध त्या अधिकातच. एरवी नेहमीच्या महिन्यात. तुमचे यजमान बरोबर आहेत.

न्यूजर्सीचा नाना:
आणि आम्ही काय करायचं? तिथी तिकडे सकाळी लागली की इथं आदली रात्र असते. मी इथल्या पंचांगानं वडिलांचं करतो, भाऊ साताऱ्यात तिथल्या. दोन वर्षांपूर्वी एक दिवसाचा फरक पडला, तर काका फोनवर म्हणाले, "तुझ्या बापाला दोनदा जेवायला घालताय, चांगलं आहे, जिवंतपणी एकदाही विचारलं नाहीत." तेव्हापासून मी तारीख धरतो. कॅलेंडरात लाल गोल केला की विषय संपला.

पंचांगवाले आप्पा:
विषय संपत नाही. तारखेचं श्राद्ध हे श्राद्धच नव्हे.

न्यूजर्सीचा नाना:
मग काकांना सांगा तसं. नंबर देऊ?

तिखटमीठ:
गुरुजींच्या धाग्यावर पिंडदान चाललंय. वा.

वडाळा लोकल:
मी मूळ विषयावर येतो. भाकरीभाऊ, तुम्ही म्हणता स्मृतिदिन म्हणजे करमणूक झाली. सगळीकडे नाही. आमच्या घरी ५ डिसेंबरच्या रात्रीपासून चुली पेटतात. विदर्भातून, मराठवाड्यातून लोक येतात, कुणी ओळखीचं, कुणी नाही. आई पिठलं-भाकरी करते, मोजत नाही. सकाळी रांगेत उभं राहून चैत्यभूमीवर डोकं टेकवलं की लोक सरळ शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर. माझे वडील गिरणी कामगार, सातवी शिकलेले. दरवर्षी तिथून एक पुस्तक आणायचे. आज घरात त्यांची सदतीस पुस्तकं आहेत, प्रत्येकावर फक्त '६ डिसेंबर' आणि साल लिहिलेलं. तुमच्या गुरुजींसाठी, पुलंसाठी कोण असं करतं? दोष फॉरवर्डवाल्यांचा नाही. तुम्ही लोक कधी चालत कुठे गेलाच नाहीत.

शांतताप्रिय:
भावना समजू शकतो, पण त्या दिवशी दादरला राहणाऱ्यांचे किती हाल होतात तेही पाहा. घराबाहेर पडता येत नाही.

वडाळा लोकल:
पालखी पुण्यात येते तेव्हा रस्ते बंद असतात. त्या दिवशी कुठे असते तुमची शांतता? वारकऱ्यांना पाणी देता ना? द्यायलाच पाहिजे. मग आमच्या लोकांना बघून नाकाला रुमाल कशाला?

शांतताप्रिय:
मी रुमालाचं नाव काढलं नाही. तुम्ही जातीवर नेताय.

वडाळा लोकल:
मी नेत नाही. ती आधीच तिथं असते.

कळण्याची भाकरी:
शांतताप्रिय, पंढरपूरच्या उपोषणाबद्दल मी वर लिहिलंय. एकदा परत वाचा, मग बोला.

निवृत्त बाई:
मी तेहतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. तुम्ही सगळे एक गोष्ट टाळताय, म्हणून सांगते. गुरुजींची जयंती २४ डिसेंबरला आम्ही मनापासून करायचो, मुलं 'खरा तो एकची धर्म' म्हणायची. ११ जून मात्र गपचूप जाऊ द्यायचो. शाळा उघडल्यावर एकदा चौथीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, साने गुरुजी कशानं वारले?" मी म्हटलं, आजारी होते. धडधडीत खोटं. मुलांवर इतका जीव लावणाऱ्या माणसानं आपणहून जग सोडलं, हे नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? जयंतीला माणसाचा जन्म सांगायचा असतो, स्मृतिदिनाला मरण सांगावं लागतं. पुलंचं मरण सांगायला सोपं आहे, वय झालं होतं. तुमच्या मित्राला रडका चेहरा नको होता, मला तो प्रश्न नको होता. फार फरक नाही आमच्यात.

कळण्याची भाकरी:
बाई, हे मला सुचलं नव्हतं. आजोबाही सांगता सांगता तिथं आले की थांबायचे आणि तंबाखूची चंची शोधायला लागायचे. मित्राला मात्र माफ करणार नाही, त्यानं इतका विचार केला असेल असं वाटत नाही.

कोथरूडचा कोपरा:
उद्या १३ जून, १९६९ साली आचार्य अत्रे गेले तो दिवस. गुरुजींच्या पुस्तकावर सिनेमा काढला तो यांनीच, १९५४ साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. म्हणजे भाकरीसाहेब, ज्या सिनेमानं गुरुजी 'रडके' केले म्हणून तुमचा राग आहे, त्याचा हिशेब उद्या मांडा.

कळण्याची भाकरी:
सिनेमावर राग नाही, पाहणाऱ्यांवर आहे. गेलेल्या माणसावर कसं लिहावं हे अत्र्यांकडून शिकावं. त्यांचे मृत्युलेख वाचा, माणूस समोर येऊन उभा राहतो. आपण फोटोला हार आणि 'विनम्र अभिवादन' लिहून मोकळे.

वडाळा लोकल:
बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराला दादर चौपाटीवर अत्रे बोलले होते. वडील तिथं होते, लहान होते, खांद्यावर बसून. उद्या मी लिहितो अत्र्यांवर. कोथरूडकरांनी आधी लिहू नये.

कोथरूडचा कोपरा:
लिहा की. आमचा काय ठेका आहे? (होता, पण ठीक आहे.)

तिखटमीठ:
७ नोव्हेंबरला हेच सगळे इथं या. नावं लिहून ठेवलीत.

सांगलीची सून:
आप्पा, अधिकात केलं तर नेहमीच्या ज्येष्ठात परत करायचं नाही ना? जाऊबाईंना दाखवायचंय, एकदा स्पष्ट लिहा.