बजेट स्लीपर: आधीच टर्बो असलेली जुनी गाडी घ्यावी की मोठ्या इंजिनाची साधी सेडान?

लालब्लॉक:
स्लीपरसाठी, म्हणजे बाहेरून साधी पण आतून वेगवान गाडी बनवायला, जुनी गाडी कुठली घ्यावी हा विषय निघाला की गाडी फिरून फिरून "हलकी हॅचबॅक घ्या आणि मोठं इंजिन टाका" इथेच येते, म्हणून माझं मत सरळ सांगतो. पैसे मोजके असतील तर इंजिन बदलायच्या फंदात पडूच नका. कंपनीनेच टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) दिलाय पण रस्त्यात कोणी वळून बघत नाही अशी गाडी शोधा. व्होल्वो 740, 940, 850, साब 9000, फोक्सवॅगन पसाट 1.8 टर्बो, तेच इंजिन असलेली स्कोडा ऑक्टाव्हिया.

कारण असं की टर्बोच्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मुळातच कमी ठेवलेलं असतं. व्होल्वोचं तेच 2.3 लिटर इंजिन घ्या, साध्या बी230एफला 9.8 आणि टर्बोच्या बी230एफटीला 8.7. साध्यावर टर्बो चढवला आणि बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, जरा जास्त झाला की दाबलेली हवा तापते, ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन जातो. टर्बोच्या गाडीत हे सगळं, म्हणजे ऑइल कूलर, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, नॉक सेन्सर, कंपनीने आधीच विचार करून बसवलंय. माझी व्होल्वो 940 इस्टेट (मागे लांब डिकी असलेली) मुळात 165 हॉर्सपॉवरच्या आसपासची. मोठा इंटरकूलर, मोकळा सायलेन्सर, मोठे इंजेक्टर, नीट ट्यूनिंग एवढंच केलंय, आणि बूस्टचा काटा अॅशट्रेच्या झाकणाआड बसवलाय. झाकण लावलं की गाडी परत घरातली जुनी इस्टेट.

साधीसेडान:
अजिबात पटत नाही. तुमची गाडी चांगली निघाली म्हणून सगळ्यांची निघेल असं नाही. 25-30 वर्षं जुन्या टर्बो गाडीत तुम्ही इंजिन नाही, आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेता. मी घेतली होती अशी एक. चालवून बघितली तेव्हा मस्त ओढत होती, घरी आणली आणि दुसऱ्याच आठवड्यात सकाळी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर कूलंटच्या टाकीत बारीक बारीक बुडबुडे, थांबतच नव्हते. हेड गॅस्केट गेलेलं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग सीलबंद ठेवणारी पट्टी. हेड उतरवताना व्हॅक्यूमचे पाइप हाताला बिस्किटासारखे तुटत होते, टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवला तर वरखाली खेळत होता. जे पैसे ताकद वाढवायला ठेवले होते ते सगळे गाडी परत उभी करण्यात गेले.

म्हणून मी म्हणतो 2007 ते 2011 मधली टोयोटा कॅमरी व्ही6 घ्या. 3.5 लिटर, 268 हॉर्सपॉवर, तीही कंपनीतून. कुठेही काही कापायचं नाही, जोडायचं नाही. मागचा व्ही6 चा बिल्ला काढा, संपलं.

लालब्लॉक:
कॅमरी वेगवान आहे, मान्य. पण इथे प्रश्न गाडी घडवायचा आहे. त्या 268 चे 300 करायला किती खटाटोप लागतो ते बघा, एक्झॉस्ट, इन्टेक, ट्यूनिंग सगळं करून हातात थोडंसंच पडतं. टर्बोला बूस्ट वाढवला की फरक लगेच पाठीला जाणवतो. आणि बुडबुड्यांचं म्हणाल तर ते घ्यायच्या आधी बघायचं असतं. थंड इंजिनावर टाकीचं झाकण उघडा, कॉम्प्रेशन टेस्ट करा, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली असेल तर निघून या. तुमच्या बाबतीत वाईट झालं, पण तो दोष टर्बोचा नाही, न तपासता घेण्याचा आहे.

साधीसेडान:
तपासली होती हो, तेव्हा इंजिन गरम होतं. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलेलं. ते तेव्हा कळलं नाही हे खरं. पण नवशिक्याला हे कळतच नाही आणि असले धागे नवशिकेच वाचतात, म्हणून एवढं जोर देऊन सांगतोय.

पुलीबदल:
मधला रस्ता आहे, कोणी नाव घेत नाही याचं वाईट वाटतं. जनरल मोटर्सचं 3.8 लिटर व्ही6, सुपरचार्जरसकट (टर्बोसारखंच हवा कोंबतो, पण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो), एल67. ब्यूक रीगल जीएस, पार्क अव्हेन्यू अल्ट्रा अशा गाड्यांत आलं, 240 हॉर्सपॉवर. बाहेरून बघाल तर निवृत्त माणसाची गाडी. सुपरचार्जरची पुली छोटी लावली की तो जोरात फिरतो आणि बूस्ट वाढतो, काम एका दुपारचं. फक्त नॉकवर नजर ठेवायला स्कॅनर हवाच, आणि पुढची चाकं ओढणारा ऑटो गियरबॉक्स हा यातला नाजूक भाग, त्याचं तेल काढून वास घ्या. जळका वास आला तर गाडी सोडा.

पत्राआधी:
तिघंही इंजिनावरच भांडताय. मी जुन्या गाड्यांचा पत्रा आणि ब्रेक हेच काम करतो, म्हणून राहवत नाही. इंजिन बदलता येतं, गंजलेली बॉडी नाही. जॅक लावायची जागा असते ना सिलवर, म्हणजे दाराखालच्या पट्टीवर, तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला आणि रंगाचा पापुद्रा सुटला की समजा आतून कुजलंय. पुढच्या शॉकअपचा टॉवर, बूटमधलं स्टेपनीखालचं कार्पेट उचलून तिथलं पाणी, हे सगळं बघून मग बॉनेट उघडा.

आणि ब्रेक. वेग 100 वरून 140 वर गेला की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. लांब उतारावर एकदा एका ताकद वाढवलेल्या सेडानमध्ये बाजूला बसलो होतो, ब्रेक कंपनीचेच, लहान. चौथ्या वळणाला जळक्या पॅडचा वास, पाचव्याला पेडल मऊ पडून खाली गेलं, चालवणाऱ्याने गियर खाली टाकत टाकत कशीबशी थांबवली. चाकातून धूर येत होता. तेव्हापासून माझ्याकडे कोणी "किती हॉर्सपॉवर होतील" विचारलं की मी आधी ब्रेकचं बोलतो. गाडी निवडताना बघा की त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), डिस्क तिला सरळ बसतात का.

साधीसेडान:
हे मात्र शंभर टक्के. टायरही जोडा यात.

लालब्लॉक:
पत्राआधी, तुमचं मी गाडी घेताना ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पत्रा नशिबाने चांगला निघाला, पण ब्रेक अजून जुनेच आहेत आणि तुमचं वाचल्यावर उद्यापासून जोरात चालवायची इच्छा नाही. अजून एक, माझ्यासारखी गाडी बघणाऱ्यांनी साधारण 1990 नंतरचंच इंजिन घ्या, त्याआधीच्यात कनेक्टिंग रॉड बारीक आहेत, बूस्ट वाढवला की तेच आधी वाकतात. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

आता अडचण अशी की मला 15 इंची लोखंडी रिम आणि प्लास्टिकचे व्हीलकॅप सोडायचे नाहीत, सगळी मजाच त्यात आहे. मोठी डिस्क आत बसेल का?

पत्राआधी:
280 मिलीमीटरपर्यंतची बहुतेक बसते, 300 च्या पुढे 16 इंची रिम लागतं. पण नुसत्या डिस्कवर जाऊ नका, कॅलिपरची पाठ रिमला आतून घासते. पुठ्ठ्याचा साचा कापून रिममध्ये फिरवून बघा, मग पार्ट मागवा. आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय?

लालब्लॉक:
आठवत नाही. शनिवारी काढतो.