प्लासिबो घेणारे रुग्णही सुधारत असतील, तर औषधाचा परिणाम कसा ओळखायचा?

मुक्ता:
माझ्या थोरल्या भावाला मध्यम तीव्रतेचा मद्यपान विकार असल्याचे निदान झाले आहे आणि उपचार घ्यायचे त्याने मनापासून ठरवले आहे. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले आहे. संमतिपत्रात म्हटले आहे की निम्म्या रुग्णांना औषध आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, मिळेल, कोणाला काय मिळाले हे चाचणी संपेपर्यंत रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही; समुपदेशन मात्र सर्वांना दिले जाईल.

निर्णयाआधी थोडी माहिती असावी म्हणून मी जुन्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचायला घेतले आणि अधिकच गोंधळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कंबाइन’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत मद्यपान विकारावरच्या दोन औषधांपैकी नाल्ट्रेक्सोन उपयोगी ठरले, अकॅम्प्रोसेट ठरले नाही. त्याआधीच्या कित्येक युरोपीय चाचण्यांत मात्र अकॅम्प्रोसेटचा फायदा स्पष्ट दिसला होता. त्याहून मला जास्त बुचकळ्यात टाकले ते या गोष्टीने, की प्लासिबो घेणाऱ्यांचे पिणेही या चाचण्यांत पुष्कळ कमी झालेले आहे. मग औषधाने नेमके काय केले? आणि भावाच्या वाट्याला प्लासिबो आला, तर आज त्याच्यात जी उमेद आहे ती वाया जाणार नाही का?

अनिरुद्ध:
मुक्ताताई, या क्षेत्रातल्या चाचण्यांमध्ये मी समुपदेशक म्हणून काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कंबाइन’मध्ये १,३८३ रुग्ण आणि नऊ गट होते. चाचणीपूर्वी हे रुग्ण शंभरातले सुमारे २५ दिवस दारूविना काढत. उपचाराच्या सोळा आठवड्यांत ते प्रमाण सरासरी ७३ च्या आसपास पोहोचले. नाल्ट्रेक्सोन आणि नियमित वैद्यकीय भेटी मिळालेल्या गटात ते ८०.६ होते, तर प्लासिबो आणि तशाच भेटी मिळालेल्या गटात ७५.१. म्हणजे एकूण सुधारणा फार मोठी आहे आणि तिच्यातला औषधाचा स्वतःचा वाटा लहान, पण खरा आहे. आता नववा गट पाहा. त्या रुग्णांना गोळी दिलीच नव्हती, केवळ विशेष समुपदेशन होते, आणि त्यांचे प्रमाण ६६.६ वर राहिले, म्हणजे प्लासिबो घेऊन डॉक्टरांना भेटत राहणाऱ्यांपेक्षाही कमी. माझ्या मते त्या चाचणीतला सर्वांत विचार करायला लावणारा आकडा हाच आहे.

प्लासिबो गट का सुधारतो, याची कारणे एकात एक गुंतलेली असतात. माणूस मदत मागायला येतो तो बहुधा त्याचे पिणे सर्वांत वाढलेले असताना, आणि टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या मोजणीत काही प्रमाणात आपोआप खाली आलेली दिसते. चाचणीत नाव नोंदवणे हादेखील एक निर्णय असतो. तो घेतलेला माणूस कालचा राहिलेला नसतो. शिवाय दर काही दिवसांनी कोणीतरी आस्थेने बसवून ‘मंगळवारी किती घेतली, बुधवारी किती घेतली’ असे विचारते, रक्त तपासते, वजन आणि रक्तदाब पाहते. नुसत्या या विचारपूशीनेही पिणे काहीसे कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. थोडक्यात, चांगल्या चाचणीतला प्लासिबो गट हा उपचाराविना सोडलेला गट नसतो, आणि प्लासिबो मिळाला म्हणजे उमेद वाया गेली असे समजण्याचे कारण नाही.

युरोप आणि अमेरिकेतल्या फरकाविषयी: युरोपीय चाचण्यांतले बरेच रुग्ण आधी रुग्णालयात राहून दारू पूर्ण सोडलेले असत आणि त्यानंतर त्यांना अकॅम्प्रोसेट सुरू केले जाई. सुटलेली दारू सुटलेलीच राहावी, हे त्या औषधाचे बलस्थान दिसते. नाल्ट्रेक्सोन मेंदूतल्या ओपिऑइड ग्राहींना (अफूसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या जागांना) अडवते, त्यामुळे पिण्यातून मिळणारे सुख फिके पडते आणि एक पेला घेतल्यावर पुढे बेसुमार वाहवत जाणे कमी होते. दोघांची कामे वेगळी असल्यामुळे एकाच मापाने मोजले की कोणावर तरी अन्याय होतो. २०२३ साली ‘जामा’ या नियतकालिकात ११८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार एका रुग्णाचे पुन्हा पिणे टाळण्यासाठी सुमारे ११ जणांना अकॅम्प्रोसेट द्यावे लागते, तर एकाला पुन्हा अतिमद्यपानाकडे वळण्यापासून रोखण्यासाठी सुमारे ११ जणांना ५० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्सोन द्यावे लागते. वैद्यकातल्या इतर अनेक रूढ औषधांच्या मानाने हे आकडे वाईट नाहीत, आणि तरीही ही औषधे फार थोड्या रुग्णांपर्यंत पोहोचतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इरावती:
अनिरुद्ध यांनी मापाचा उल्लेख केला आहे, तोच धागा पुढे नेते, कारण संख्याशास्त्राच्या बाजूने पाहता निम्मा गोंधळ तिथेच आहे.

‘औषध उपयोगी ठरले’ या वाक्याचा अर्थ काय मोजले यावर अवलंबून असतो. दारूचा थेंबही न घेणे हे एक माप. अतिमद्यपानाचा एकही दिवस न येणे हे दुसरे. अमेरिकी व्याख्येनुसार पुरुषाने दिवसात पाच किंवा अधिक, स्त्रीने चार किंवा अधिक प्रमाणित पेये घेतली तर तो अतिमद्यपानाचा दिवस, आणि तिथले एक पेय म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या जोखमीच्या चार पायऱ्यांवरून रुग्ण किती खाली उतरला, हे तिसरे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या (मधुमेह आणि स्थूलपणावरच्या औषधाच्या) एका छोट्या चाचणीत ४८ जण होते, कालावधी नऊ आठवड्यांचा होता आणि ते उपचार मागायला आलेले रुग्ण नव्हते. त्यांची तलफ कमी झाली आणि पिण्याच्या दिवशी घेतली जाणारी मात्राही घटली, पण पिण्याच्या दिवसांची संख्या घटली नाही. एकाच चाचणीतून दोन परस्परविरोधी मथळे निघू शकतात, आणि दोन्ही खरे असतील.

दुसरी अडचण आंधळेपणाची, म्हणजे कोणाला काय मिळाले हे लपवण्याची. डायसल्फिरॅम हे दारू सोडवण्याचे औषध घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धडधड आणि मळमळ सुरू होते. त्या त्रासाच्या धास्तीने तो दारूपासून दूर राहतो. पण चाचणीत दोन्ही गटांना ‘तुम्हाला कदाचित डायसल्फिरॅम मिळाले असेल’ असे सांगितले, की धास्ती दोघांनाही सारखीच वाटते आणि फरक नाहीसा होतो. १९८६ सालच्या ६०५ माजी सैनिकांच्या अमेरिकी अभ्यासात पूर्ण मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत गटांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही. पुढच्या एकत्रित विश्लेषणात, ज्या चाचण्यांत रुग्णाला आपले औषध ठाऊक होते तिथे फायदा दिसला आणि लपवलेल्या चाचण्यांत दिसला नाही. इथे माहिती लपवण्याची पद्धतच उपचाराचा मुख्य भाग काढून घेते. सायलोसायबिन या काही अळंब्यांत सापडणाऱ्या, भास घडवणाऱ्या द्रव्याच्या २०२२ सालच्या चाचणीत नेमके उलट घडले: अनुभव इतका तीव्र असतो की जवळजवळ सर्व रुग्णांनी आपल्याला काय मिळाले हे अचूक ओळखले, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम किती आणि औषधाचा किती हे वेगळे करणे अवघड झाले.

आपल्या भावाच्या संमतिपत्रात मुख्य माप कोणते आहे आणि ते केवळ रुग्णाच्या सांगण्यावर मोजणार आहेत की रक्तातल्या फॉस्फॅटिडिलइथॅनॉलच्या तपासणीचीही जोड आहे, हे जरूर पाहा. त्या तपासणीत मागच्या दोन ते चार आठवड्यांतले पिणे दिसते.

सुहास:
मी अशा एका चाचणीत रुग्ण म्हणून होतो. मला काय मिळाले होते ते नंतर कळवण्यात आले, पण ते इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यावरून कोणी आपला निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही. मला सावरले ते नोंदवहीने आणि ठरलेल्या दिवशी माझी वाट पाहणाऱ्या परिचारिकेने.

मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो. मान्यताप्राप्त औषधे उपलब्ध असताना चाचणीच्या काळात ती घेऊ देणार आहेत की थांबायला लावणार आहेत, हे विचारून घ्या. प्रकृती बिघडली तर कोण, किती लवकर पाहील, मधूनच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतील का आणि चाचणी संपल्यावर पुढे काय, याची उत्तरे तोंडी न घेता लेखी मागा. उत्तरे समाधानकारक नसतील, तर नकार देऊन सरळ नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट सुरू करणे हा पूर्णपणे योग्य मार्ग आहे, आणि त्यात संशोधनाला विरोध केल्यासारखे काही नाही.

मुक्ता:
तिघांचीही मी आभारी आहे. भावाला हे सारे वाचून दाखवले. तो आता म्हणतो आहे की उत्तरे मिळेपर्यंत थांबायचे कशाला, उद्यापासून स्वतःहून पूर्ण बंद करतो. तो रोज पितो. हे करू द्यावे का?

अनिरुद्ध:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका. त्याचा निश्चय मोलाचा आहे, पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी तोडली, तर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तीव्र थरथर, भास आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. निदान ‘मध्यम’ आहे म्हणून हा धोका टळतो असे समजू नका. तो रोजचे प्रमाण, यापूर्वी सोडताना झालेला त्रास आणि इतर आजार यांवर ठरतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेंझोडायझेपिन गटातले (मेंदू शांत करणारे) औषध आणि थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देऊन हे दिवस बऱ्याच सुरक्षितपणे काढता येतात, आणि ज्यांना धोका कमी असतो त्यांना ते घरी राहूनही करता येते.

आज रात्री थरथर, घाम, उलट्या किंवा गोंधळलेपणा दिसला तर सकाळची वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात न्या. तसे काही नसेल तर उद्याच त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना गाठा आणि सोडण्याची तारीख त्यांच्याकडून ठरवून घ्या. चाचणीत प्रवेशापूर्वी किती दिवस दारूविना असणे आवश्यक आहे, हेही त्याच भेटीत विचारता येईल.