बायपास दहाच वर्षं चालते का? बाबांचं डिस्चार्ज कार्ड वाचून सांगा

कपाशी_यवतमाळ :
बाबा ५८, शुगर आहे, खर्रा (तंबाखू-सुपारी) चालू होता. एप्रिलअखेर बायपास झाली. कार्डावर 'लिमा–एलएडी, एसव्हीजी–ओएम, एसव्हीजी–पीडीए, ईएफ ४५' असं आहे. गावात म्हणतात, दहा वर्षंच चालते. आणि जूनात पेरणी आहे, ते ऐकणार नाहीत.

ओटी_सिस्टर :
दहा वर्षांची गोष्ट अर्धीच खरी, तीही एसव्हीजीची. ती पायाची शीर, बाबांना ओएम आणि पीडीए या हृदयाच्या दोन वाहिन्यांना जोडलेली. तिला धमनीचा दाब सोसायची सवय नसते, मग ती आतून जाड होते, चरबी धरते. दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद पडतात. लिमा ही छातीच्या आतली धमनी, ती दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या आसपास चालू राहते. बाबांची मोठी वाहिनी, एलएडी, तिच्यावरच आहे, हे चांगलं झालं. एक शीर बंद पडली म्हणजे माणूस गेला असं नाही. ईएफ म्हणजे एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकतं; ४५ म्हणजे पंप थोडा कमी, घाबरण्याइतका नाही. शुगर मात्र सांभाळा.

वऱ्हाडी_फार्मसी :
रिपोर्टात कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की लोक स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडतात. अरे भाऊ, ते गोळीनंच नॉर्मल आलं! एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली पाहिजे, ५५ च्या खाली असलं तर उत्तम. अ‍ॅस्पिरिन ७५ जन्मभर. अंग दुखलं म्हणून गावात डायक्लोफेनॅकची सुई टोचून घेऊ नका, हृदय आणि किडनी दोन्हीला धोका. पॅरासिटामॉल चालते. खर्रा 'बिना तंबाखूचा' म्हणून पुन्हा सुरू होतो, मग हळूच तंबाखू येते. पुडीच घरात नको.

कपाशी_यवतमाळ :
आणि पेरणी?

ओटी_सिस्टर :
छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं, पक्कं जुळायला ८ ते १२ आठवडे. तोवर ५ किलोच्या वर उचलणं नाही, दुचाकी नाही, डवरं (बैलांचं कोळपं) तर नाहीच. फवारणीचा पंप भरला की २० किलोच्या घरात जातो आणि पट्टे खांदे मागं ओढतात. तो डॉक्टरांनी हाड तपासून हो म्हटल्यावरच. यंदा धुऱ्यावर (बांधावर) बसून सांगू द्या. खोकताना छातीशी उशी धरायची. छातीत कटकट वाजलं, टाक्यातून पाणी आलं, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हात बीपी उतरून चक्कर येते. गोळी स्वतः बंद करू नका, बीपी मोजून डॉक्टरांना फोन करा.