ऑपेरा गायन आणि खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये: गळ्याला यंत्राची साथ मानवेल का?

टिळकवाडीकर:
अमेरिकन संगीतकार टॉड मॅकओव्हर यांचा 'डेथ अँड द पॉवर्स' हा ऑपेरा (पाश्चात्त्य संगीत नाटक) २०१० साली मॉन्टे कार्लो येथे रंगमंचावर आला. त्यातील नायक आपले अस्तित्व यंत्रणेत उतरवतो आणि दिसेनासा होतो. त्यानंतर आडून गाणाऱ्या गायकाचा श्वास, आवाज आणि हातवारे संवेदक (सेन्सर) टिपतात व त्यांनुसार नेपथ्य जिवंत होते. तारा लावलेले भव्य झुंबर हे तर या प्रयोगासाठीच घडवलेले वाद्य. १८८० साली 'शाकुंतल' रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मग बेळगावच्या हौशी मंडळींनी एखाद्या संगीत नाटकात, ऐपतीप्रमाणे का होईना, असा प्रयोग का करू नये?

शहापूरकर:
माझा स्पष्ट विरोध आहे. ऑपेराच्या गायकाचा आवाज वर्षानुवर्षांच्या तालमीने असा घडतो की त्याचे बळ ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपास एकवटते आणि भरगच्च वाद्यवृंदाला भेदून तो ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. तोच आवाज यंत्रातून फिरवून ऐकवायचा असेल, तर एवढी तालीम कशासाठी? शिवाय आपल्याकडे 'वन्समोअर' आला की नट तेच पद नव्या जागा घेऊन गातो. यंत्राला ते कसे उमगावे?

टिळकवाडीकर:
हार्मोनियमवरही असेच आक्षेप होते. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. नामवंत हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुरे यांच्या गावात राहणाऱ्यांनी तरी वाद्याला नवेपणाबद्दल दोष देऊ नये.

खानापूरचा पेटीवाला:
ही तुलना मला मान्य नाही. पेटीवाला गायकाच्या चेहऱ्याकडे पाहून पुढची जागा आधीच ओळखतो. यंत्राला मात्र स्वर लागल्यावरच तो कळतो. मंद्रातला १३० हर्ट्झचा षड्ज घ्या. त्याचे एक कंपन पूर्ण व्हायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, आणि खात्रीने स्वर ओळखण्यासाठी अशी दोन-तीन कंपने लागतात. ठाय लयीत हे खपून जाईल, पण द्रुत तानेत साथ मागे रेंगाळेल. 'श', 'स' उच्चारताना तर स्वरच सापडत नाही, आणि यंत्राने मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, ठरावीक स्वरांत बसवली की तिच्या पायऱ्या होतात. (आमच्या पेटीलाही मींड येत नाही, हे ऐकवायला कोणीतरी टपलेला असेलच.)

म्हणून यंत्राला गळ्यामागे धावायला लावू नये, ते गायकाच्या हाती द्यावे. इलेक्ट्रॉनिक संगीतात प्रयोग करणारे मिशेल वायझविझ यांनी १९८४ मध्ये हातांत धरायची वाद्ये घडवली, तर त्याच क्षेत्रातील लेतिसिया सोनामी यांनी हाताच्या हालचालींतून नाद काढणारा संवेदकांचा हातमोजा. दोघांनीही तीच साधने वर्षानुवर्षे सुधारत आणि रियाजात ठेवून वापरली. नाटकाच्या आठवडाभर आधी भाड्याने आणलेल्या पेटाऱ्याने हे साधणार नाही. वाद्य त्या एका गायकासाठीच घडावे आणि तालमीच्या पहिल्या दिवसापासून त्याच्या हाती असावे.

निपाणीकर:
ऐन तिसऱ्या अंकात वीज गेली तर पायपेटी वाजत राहते, एवढेच ध्यानात असू द्यावे.

शहापूरकर:
हातमोजाही मला पटत नाही. संगीत नाटकात हात अभिनयासाठी असतो. प्रत्येक हालचालीतून नाद उमटणार असेल, तर शकुंतलेने झारी उचलून रोपांना पाणी घालायचे कसे? यंत्र आणायचेच असेल, तर ते वादकाकडे द्यावे आणि नटाला मोकळे सोडावे.

खानापूरचा पेटीवाला:
हातमोज्याला बंद-चालू करणारी कळ बसवता येते. ती कोणत्या पदापाशी दाबायची, हे तालमीत ठरवता येते. तरीही झारीचा आपला मुद्दा रास्त आहे. नाट्यप्रवेशाऐवजी बैठकीच्या गाण्यात आधी करून पाहावे.