नाटक असणं हा दोष नाही

हॅरी पॉटर मालिकेतलं ‘कर्स्ड चाइल्ड’ फसलं कारण ती कादंबरी नसून नाटकाची संहिता आहे, असं एक मत वाचलं; ते पटलं नाही. खरी गोची टाइम-टर्नरची, म्हणजे भूतकाळात नेणाऱ्या जादुई यंत्राची आहे. मालिकेच्या तिसऱ्या भागात हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी तीन तास मागे जातात, पण घडलेलं बदलत नाही: कुऱ्हाडीचा आवाज आधी ऐकला तोच, फक्त घाव बकबीक या प्राण्यावर नाही, कुंपणावर बसलेला असतो. २०१६च्या या नाटकात मात्र भूतकाळ पाटीसारखा पुसता येतो. जादूगारांच्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत सेड्रिक या स्पर्धक विद्यार्थ्याची फजिती केली, की तो थेट डेथ ईटर (खलनायक वोल्डेमॉर्टचा अनुयायी) होऊन हॅरीचा मित्र नेव्हिल याला मारतो! इतका सरळमार्गी मुलगा? शिवाय जादू मंत्रालयातले टाइम-टर्नर पाचव्या भागातच फुटले होते. इथे नवा हजर. रेल्वेतल्या खाऊवाल्या बाईच्या हातांना काटे फुटतात, ते तर सोडाच.