विंडसर डेव्हिस : नुसता आरडाओरडा नव्हे

विंडसर डेव्हिस या ब्रिटिश नटाला 'ओरडण्यापलीकडे काही जमलं नाही' असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. आईवडील वेल्श, जन्म १९३० चा लंडनमधला, पण वाढला वेल्सच्या ऑगमोर खोऱ्यात. कोळशाच्या खाणीत राबला, सक्तीची लष्करी सेवा केली, मग मास्तरकी. अभिनय पोटापाण्याचा धंदा झाला तो त्यानंतर.

'इट एन्ट हाफ हॉट मम' या बीबीसीच्या विनोदी मालिकेतला (१९७४–८१) त्याचा सार्जंट मेजर विल्यम्स चक्क आपल्या देवळालीच्या छावणीत ब्रिटिश सैनिकांच्या नाटकमंडळीवर खेकसत असतो. चित्रीकरण मात्र इंग्लंडातलं! मायकेल बेट्स या गोऱ्या नटाचं तोंड रंगवून त्याला भारतीय केलंय, ते आज बघवत नाही. बीबीसी ही मालिका पुन्हा दाखवत नाही, ते ठीकच.

पण त्याच डेव्हिसने याच मालिकेतल्या डॉन एस्टेलबरोबर केलेलं 'व्हिस्परिंग ग्रास' हे गाणं १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एस्टेल हळुवार गातो, हा खर्जात नुसता बोलतो, आणि भाव खाऊन जातो. पुढे 'नेव्हर द ट्वेन' या विनोदी मालिकेत डोनाल्ड सिंडनसारख्या मुरलेल्या नटासमोर जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणून १९८१ ते ९१ टिकला. त्याचं टायमिंग बघायचं तर तिथे बघा.