उपासनेत आवाज कोणाचा ऐकू यायला हवा, बँडचा की मंडळीचा?

फेडरवाला, ठाणे
जय ख्रिस्त. आमच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी सहा वर्षं दर रविवारी मिक्सर, म्हणजे सगळ्या माइक-वाद्यांचा आवाज जुळवायचं यंत्र, सांभाळतो. गेल्या महिन्यात एकदा तो दुसऱ्याच्या हाती देऊन शेवटच्या बाकावर बसलो आणि मोबाइलवर तीन गीतं रेकॉर्ड केली. घरी ऐकली तर दोन गायक, की-बोर्ड आणि ड्रम. शंभरावर माणसं उभी राहून गात होती, त्यांतलं एकही त्यात नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी पुस्तक न उघडता सगळी कडवी म्हणत होत्या. ओठ हलताना दिसत होते, पण दोन हातांवरून त्यांचा आवाज मला आला नाही. आणि हा मिक्स मीच बसवलेला होता.

म्हणून माझं ठाम मत: गीताच्या वेळी स्पीकरचा आवाज मंडळीच्या आवाजाच्या किंचित खाली असावा. पहिल्या कडव्याला गायकांनी हात धरून न्यावं, चाल बसली की फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकपट्टी) खाली यावा. माणूस शेजारच्याचं ऐकून गातो. स्वतःचाच आवाज कानी पडेना की तो पुटपुटतो, मग गप्प होतो. आपण म्हणतो लोक गात नाहीत, अजून वाढवा.

आणि रिकाम्या हॉलमधल्या साउंडचेकवर विसंबू नका. एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषून घेतो. आमचा हॉल वीस बाय बारा मीटर, उंची सहा, खाली फरशी. रिकामा असताना टाळी वाजवली तर जवळपास दोन सेकंद घुमते, भरल्यावर सव्वा सेकंदाच्या आसपास. आठ वाजता लावलेलं दहा वाजता खरं राहत नाही. पहिल्या गीतानंतर उठून मागे जायलाच हवं.

युवकसंघ, खारघर
दादा, तुमच्याकडे उंच छत आणि शंभर माणसं आहेत. आम्ही दुकानांच्या वरचा हॉल भाड्याने घेतो. चाळीस जण, त्यांतले निम्मे पहिल्यांदा आलेले, ज्यांना गीत माहीतच नाही. आम्ही आवाज कमी करून पाहिलाय. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आवाज मोठा असला की लाजरा माणूस त्याच्या आड सुरक्षित असतो, चुकलं तरी कोणाला कळत नाही, म्हणून तो तोंड उघडतो. माझ्या वयाच्या कित्येकांना बेस छातीत जाणवतो तेव्हाच मन एकाग्र होतं. ही भक्ती कमी प्रतीची आहे असं कोणी म्हणू नये.

फेडरवाला, ठाणे
कमी प्रतीची मी म्हटली नाही आणि म्हणणारही नाही. नव्या माणसाचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच पहिलं कडवं गायकांचं. पण एवढ्याशा हॉलमध्ये ड्रम सेट माइकशिवायच ९५-१०० डेसिबलच्या घरात जातो. त्याच्यावर गायक आणायचे तर स्पीकर आणखी वर न्यावा लागतो, मग मॉनिटर (गायकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) वर, मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही कानांची मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास. तुमची उपासना दोन तासांची असेल. लहान मुलं ड्रमच्या पुढ्यातच बसवतात, ते तरी बदला. ड्रमवाल्याला जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या द्या. ताल तोच राहतो, मार कमी होतो.

पेटीवाली, नेरुळ
मला दोघांशीही थोडं भांडायचंय. सगळी चर्चा फेडरवर चाललीय आणि खरा घोळ व्यासपीठावर आहे. आमच्या गायनवृंदात आठ जण, आठांना आठ माइक, कारण एकाला दिला तर दुसऱ्याला वाईट वाटतं. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी आवाज वाढवायला मिळणारी जागा ३ डेसिबलने घटते. एकाचे आठ केले की ९ डेसिबल गेले. वर प्रत्येक माइकमध्ये तबला, पंखा आणि शेजारची बाई. माझ्या पेटीला लावलेल्या माइकमध्ये तर पेटीपेक्षा भात्याची हवा जास्त, कारण तो भात्याच्या बाजूने लावतात. सुरांच्या पट्ट्या असतात त्या बाजूने, वीतभर अंतरावर लावून बघा.

आम्ही दिवाळीनंतर चौघांत एक माइक केला. नाराजी झाली, एक ताई दोन रविवार आल्या नाहीत. त्यांच्या घरी जाऊन बोलले, कारण त्या मला माइकपेक्षा मोलाच्या आहेत. आता त्या परत आल्यात आणि चौघं एकमेकांचं ऐकून गातात.

निवृत्त शिक्षक, कोपरी
माझं वय ७४. आवाज कमी करा म्हणणाऱ्यांना आमचे कान नाहीत. गीत मला पाठ आहे, ते ऐकू आलं नाही तरी चालेल. शास्त्रवाचन आणि उपदेश हुकतो त्याचं काय? परवा ‘शांती’ आणि ‘क्षांती’ यांतलं काय म्हटलं ते मला घरी येऊन बायबल उघडल्यावर कळलं. माझ्यासारख्यांसाठी तरी आवाज वाढवलाच पाहिजे.

फेडरवाला, ठाणे
सर, तुम्ही माझी चूक दाखवलीत. मी गीतांवरच बोलत राहिलो. पण वाढवण्याने तुमचं काम होणार नाही. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि ती बरीचशी २ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात असतात. वय झालं की कान आधी वरचा भागच सोडतो. नुसता आवाज वाढवला तर खालची घुमघुम वाढते आणि ‘श’, ‘क्ष’, ‘स’ तिच्यात बुडतात. बोलण्याच्या माइकवर लो कट (खालचे घुमणारे आवाज कापणारं बटण) शंभर हर्ट्झच्या आसपास लावायचा, वाचणाऱ्याला माइक जवळ घ्यायला सांगायचं. अंतर निम्मं केलं तर ६ डेसिबल मिळतात आणि मागची घुमघुम तेवढीच राहते. आमच्याकडे वाचणारे माइकपासून हातभर लांब उभे राहतात, भीड वाटते म्हणून. त्यांना आधी उभं करून दाखवावं लागतं.

मागच्या बाकांसाठी खांबावर एक छोटा स्पीकर हवा. तो मुख्य स्पीकरपासून बारा मीटरवर असेल तर त्याला ३५ मिलिसेकंद उशीर द्यायचा, वर आणखी थोडा. नाहीतर एकच शब्द दोनदा येतो आणि आहे तेही कळत नाही.

युवकसंघ, खारघर
काड्यांच्या जुड्या आणून बघतो, मुलांच्या खुर्च्याही हलवतो. पण गायकांचा आवाज मंडळीच्या खाली नेणं मला अजून पटलेलं नाही. चाळीस माणसांत ते जमत नाही, हे मी दर रविवारी डोळ्यांनी बघतो.

निवृत्त शिक्षक, कोपरी
फेडरवाले, खांबावरचा स्पीकर लावणार असाल त्या दिवशी मला कळवा, तुमच्या चर्चला येतो. कोणाला तरी स्तोत्र वाचायला उभं करा. मी मागच्या बाकावर पुस्तक मिटून बसेन आणि जो शब्द गेला तिथे हात वर करेन.

फेडरवाला, ठाणे
शनिवारी संध्याकाळी सहाला या सर. पंखे चालू ठेवूनच करू, रविवारी ते चालूच असतात.